चावडीसमोरचा फलक: उठावांचा मजकूर एका गावानं कसा ठरवला

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, माणदेशातलं एक गाव. ज्वारी-बाजरीचा मुलूख, दहावीपर्यंतची शाळा, आणि गावाच्या मानानं मोठा रामोशवाडा. दरवर्षी ७ सप्टेंबरला इथं रामोशी उठावाचे पुढारी उमाजी नाईक यांची जयंती होते. प्रतिमेला हार, दोन भाषणं, संध्याकाळी मिरवणूक. एका वर्षी ग्रामपंचायतीनं चावडीसमोर कायमचा माहितीफलक लावायचं ठरवलं. त्याला जोडून शाळेनं सभागृहात ७ आणि ८ सप्टेंबरला बारा फलकांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता १८१८ नंतर कंपनी सरकारविरुद्ध झालेले रामोशी, कोळी आणि भिल्लांचे उठाव आणि ते मोडून कसे काढले गेले.

दुसरा दिवस मुद्दाम धरला होता. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडा माळावर १७ जणांना देहदंड झाला. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांनी इंग्रजांविरुद्ध रचलेल्या कटाबद्दलची ही शिक्षा होती, आणि त्या कटासाठी जमवलेल्या माणसांत रामोशी आणि मांग होते. उमाजींची जयंती आणि गेंडा माळाची तारीख लागोपाठ येतात, आणि जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जातात.

काम पाच जणांकडे होतं: हेडसर, इतिहासाच्या बाई, सरपंच, रामोशवाड्यातले सत्तरी ओलांडलेले अण्णा आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण मंडळाचा एक मुलगा. हातात दहा आठवडे होते. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे नावं दिलेली नाहीत.

अडचण

मुलानं चार दिवसांत बारा फलकांचा मजकूर लिहून आणला. गाईडं, मोबाईलवर सापडलेले लेख आणि जुन्या जयंतीच्या पत्रिका, असा सगळा माल. एकूण ९६ वाक्यं. बाईंनी शंभरपानी वही घेतली, प्रत्येक वाक्याला क्रमांक दिला आणि समोर एक अक्षर लिहायला सुरुवात केली. क म्हणजे त्या काळचा कागद, ख म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याचा वृत्तांत, ग म्हणजे पाठ्यपुस्तक किंवा गाईड, घ म्हणजे तोंडी आठवण. दोन संध्याकाळी बसल्यावर २७ वाक्यांपुढे कुठलंच अक्षर येईना. उमाजींच्या फाशीचं साल फलक ५ वर १८३२ होतं आणि चावडीच्या फलकावर १८३४.

साल दुरुस्त करता आलं असतं. खरी अडचण क्रियापदांत होती. एकाच फलकावर वरच्या ओळीत ‘आद्यक्रांतिकारक’ आणि खाली ‘धुमाकूळ घातला’, ‘उपद्रव वाढला’, ‘सरकारने बंदोबस्त केला’. ही खालची भाषा आली कुठून? उमाजींबद्दल आज जे छापून येतं त्यातला मोठा भाग कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशच्या वृत्तांतावर उभा आहे. तो १८३३ साली मुंबईत छापला गेला, म्हणजे फाशीनंतर वर्षाच्या आतबाहेर. उमाजींना धरण्याची मोहीम ज्याच्याकडे होती, त्यानंच त्यांचं चरित्र लिहिलं. पुण्याच्या कचेरीत कोठडीत असलेल्या उमाजींकडून त्यानं माहिती घेतली. तो कागद टाकून देता येत नाही, कारण त्यात गावं आहेत, माणसं आहेत, तारखा आहेत. पण कोठडीतल्या माणसानं पकडणाऱ्याला दिलेली ती माहिती आहे. मुलाच्या मसुद्यात ती ‘इतिहास’ म्हणून सरळ उतरली होती, आणि तीही तिसऱ्या-चौथ्या हातानं.

समोरचे पर्याय

सरपंचांचं म्हणणं होतं की वेळ थोडा आहे, सालं तेवढी सुधारा आणि छापायला द्या. हेडसरांना वाटत होतं की पाठ्यपुस्तकाबाहेर पाऊल टाकू नये, म्हणजे कुणी विचारलं तर पुस्तक दाखवता येईल. मंडळाच्या मुलांना इंग्रज अधिकाऱ्याचं काहीच नको होतं. फक्त गौरव, शौर्य आणि घोषणा. बाईंचा पर्याय सर्वांत कटकटीचा होता. प्रत्येक फलकाच्या तळाशी ‘हे कोणी लिहून ठेवलं’ अशी एक ओळ द्यायची, ज्याला अक्षर नाही ते वाक्य काढायचं, आणि उठाव ‘का’ झाला यासाठी हक्कांची माहिती आधी मांडायची.

दुसऱ्या बैठकीत बाईंचा पर्याय ठरला. तो ठरला अण्णांमुळे. त्यांनी मसुदा नातवाकडून वाचून घेतला होता. ते म्हणाले, “बाई, ह्यात आमी लुटतोय, पळतोय आन् मरतोय. राखण करतोय ते कुटंच न्हाय.”

अण्णांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. रामोशी म्हणजे गावाची आणि गडाची राखण करणारा. पुरंदरच्या पायथ्याचं भिवडी हे उमाजींचं गाव, आणि त्यांच्या घराण्याकडे पुरंदरच्या रखवालीचं काम होतं. गावगाड्यात रामोशाची जबाबदारी नेमकी होती. चोरी झाली की त्यानं माग काढायचा. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या रामोशाच्या हवाली केला की हा सुटला. आपल्याच शिवेत माग हरवला तर भरपाई ह्याच्या अंगावर. अण्णांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. पावलाचा चांगला ठसा दिसला की त्यावर टोपली उपडी घालायची, म्हणजे वाऱ्यानं आणि शेरडांनी मोडत नाही. मग ज्वारीच्या धाटाची काडी घेऊन टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप तोडायचं. ती काडीच पुढच्या गावच्या नाईकाच्या हातात द्यायची. फलक २ पूर्ण या एका गोष्टीवर झाला, ‘घ’ अक्षरासह. प्रदर्शनात सर्वांत जास्त वेळ लोक याच फलकासमोर थांबले.

निर्णय पहिला: ‘आदिवासी’ म्हणायचं का

मसुद्याचं शीर्षक होतं ‘आदिवासी उठाव’. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत भिल्ल, कोळी, रामोशी, संथाळ, मुंडा एका तक्त्यात येतात, त्यामुळे मुलाच्या दृष्टीनं शब्द पक्का होता. अण्णांनी नातवाचा जातीचा दाखला आणून टेबलावर ठेवला. “आमी कवा आदिवासी झालो? हितं निराळंच लिवलंय की.”

दाखल्यावर विमुक्त जाती असं होतं. महाराष्ट्रात रामोशी विमुक्त जाती (अ) मध्ये येतात. भिल्ल आणि महादेव कोळी अनुसूचित जमातींत. तक्ता करणाऱ्यांनी इंग्रजी ‘ट्राइब’ हा शब्द धरला, आणि मॅकिंटॉशनं रामोशांना तोच शब्द लावला होता. मराठीत येताना त्याचा ‘आदिवासी’ झाला. सवलती, दाखले, प्रमाणपत्र पडताळणी या सगळ्यांत आज या शब्दाला कायद्याचं वजन आहे, म्हणून तो कायमच्या फलकावर सैल हातानं लिहायचा नाही असं ठरलं. नवं शीर्षक झालं: ‘रामोशी, कोळी, भिल्ल: सह्याद्री आणि सातपुड्यातले उठाव’. आत एक ओळ दिली की परीक्षेच्या पुस्तकांत हे उठाव ‘आदिवासी उठाव’ या नावाखाली सापडतील. मुलांना ती ओळ उपयोगी पडते. काढून टाकली असती तर त्यांचंच नुकसान होतं.

निर्णय दुसरा: १८२२ आणि चित्तूरसिंग

गाईडांत एक वाक्य हमखास असतं. १८२२ मध्ये साताऱ्याच्या चित्तूरसिंगाच्या नेतृत्वाखाली रामोशांनी उठाव केला. साताऱ्याचं नाव असल्यानं मंडळाला ते मोठ्या अक्षरांत हवं होतं. बाईंनी विचारलं, हा चित्तूरसिंग कोण? साताऱ्याच्या इतिहासात चतुरसिंग भोसले आहेत, छत्रपती घराण्यातले. दुसऱ्या बाजीरावाशी त्यांनी दीर्घकाळ झुंज घेतली, त्रिंबकजी डेंगळे यांनी १८१२ मध्ये त्यांना पकडलं, कांगोरीच्या गडावर कैदेत ठेवलं आणि १८१८ मध्ये तिथेच ते वारले. वारलेला माणूस चार वर्षांनी उठाव करत नाही. त्यांचं नाव घेऊन दुसऱ्यानं माणसं गोळा केली असणं शक्य आहे. त्या काळात मोठ्या घराण्याचं नाव पुढे करून लोक जमवण्याची रीत होतीच. पण ‘शक्य आहे’ हे कायमच्या फलकाचं वाक्य होत नाही. चावडीच्या फलकावरून ते काढलं, प्रदर्शनातल्या फलक ३ वर ठेवलं, आणि त्याखाली चतुरसिंगांच्या मृत्यूचं साल लिहून विसंगती उघडी मांडली. हेडसर नाराज होते. परीक्षेत मुलांनी काय लिहायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बाईंनी वर्गात सांगितलं की उत्तरपत्रिकेत पुस्तकातलं लिहा आणि वहीत दोन्ही लिहा.

निर्णय तिसरा: वाड्यातला मोडी कागद

पाचव्या आठवड्यात गावच्या पाटलांच्या वाड्यातून एक कागद निघाला. वीतभर रुंद, दीड हात लांब, मधल्या घडीवर फाटलेला. साताऱ्याहून एका निवृत्त मोडीवाचकांना बोलावलं. पाटील-कुलकर्ण्यांनी वर कळवलेला तो रामोशाच्या हक्कांचा तपशील होता. पूर्वी दर खळ्यामागे ज्वारीच्या चार पायल्या, सालाची एक घोंगडी आणि वहाणांचा जोड. हल्ली दोन पायल्या, बाकी मोकूफ.

कागदावर साल होतं ‘सलास अशरीन मयातैन व अलफ’. उलटीकडून वाचायचं: हजार, दोनशे, वीस, तीन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरला जाणारा सुहूर सन १२२३. मुलांनी त्यात ६०० मिळवून १८२३ काढलं. इथे नेहमी चूक होते. सुहूर सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मे अखेरपर्यंतच्या कागदाला ६००. कागदावर जिल्काद हा हिजरी महिना होता, आणि त्या वर्षी तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो. म्हणून साल १८२२.

१८२२ म्हटल्यावर मुलं उठून उभी राहिली. चित्तूरसिंगाचं साल! पुरावा सापडला! बाईंनी कागद पुन्हा वाचून दाखवायला सांगितला. त्यात उठावाचा एक शब्द नव्हता, दोन पायल्या होत्या.

यातून आणखी कठीण प्रश्न निघाला. मंडळाचं वाक्य तयार होतं: ‘इंग्रजांनी आमच्या गावच्या रामोशांचे हक्क बुडवले.’ पण १८२२ मध्ये हे गाव कंपनीच्या थेट अंमलात नव्हतंच. १८१९ च्या तहानं नीरा आणि वारणा यांच्यामधला मुलूख साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडे राहिला. सुरुवातीला कारभार कंपनीचा रेसिडेंट ग्रँट चालवत होता आणि एप्रिल १८२२ मध्ये अधिकार महाराजांकडे आले. कागद त्यानंतर तीन महिन्यांचा. कपात कोणी, कधी केली हे तो सांगत नाही. फक्त ‘पूर्वी’ आणि ‘हल्ली’ एवढंच म्हणतो. सरपंचांना महाराजांचं नाव या वादात येणं नको होतं, मंडळाला इंग्रजांचं नाव सुटणं नको होतं. शेवटी कागदाचा फोटो, त्याखाली बाळबोध लिपीत जसंच्या तसं लिप्यंतर आणि ही ओळ गेली: ‘या वर्षी हे गाव सातारा राज्यात होतं, राज्य कंपनीच्या तहाखाली होतं.’ वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. आमच्या मते सगळ्या प्रदर्शनातली ही सर्वांत प्रामाणिक ओळ.

नीरेची हद्द लक्षात आल्यावर फलक १ चा नकाशाही बदलला. आधी नुसता महाराष्ट्राचा नकाशा होता. आता नीरेच्या उत्तरेला कंपनीचा पुणे जिल्हा, दक्षिणेला सातारा राज्य, पश्चिमेला भोरच्या पंतसचिवांची जहागीर अशा तीन रंगांत तो काढला. पुरंदरचा माणूस नीरा उतरला की दुसऱ्या अंमलात जात होता. उमाजी १५ डिसेंबर १८३१ रोजी सापडले ते उतरोली गाव भोरच्या बाजूचं आहे. महादेव कोळ्यांच्या उठावाचे पुढारी रघोजी भांगरे २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात सापडले, तेव्हा पंढरपूर साताऱ्याच्या राज्यात होतं. हे नकाशावर दाखवल्याशिवाय माणूस एका मुलखातून दुसऱ्यात का जातो आणि शेवटी कुठे अडकतो हे कळतच नाही.

निर्णय चौथा: उठाव मोडला कसा, हे कसं सांगायचं

मसुद्यात दडपशाही म्हणजे फक्त फाशी आणि गोळीबार. अनुक्रम लावल्यावर चित्र निराळं दिसलं. १८१८ नंतर गडांच्या शिबंद्या मोडल्या, रखवालीची कामं गेली. १८२५-२६ मध्ये पुण्याच्या बाजूला दुष्काळ पडला आणि १८२६ पासून उमाजींचा जोर वाढला. बळानं ते हाती येईनात तेव्हा सरकारनं माफी दिली, जमिनी दिल्या, आणि ज्यांना धरायचं होतं त्यांनाच मुलखाच्या राखणीला नोकरीत घेतलं. म्हणजे काढून घेतलेलं काम सरकारची नोकरी म्हणून परत दिलं! ते टिकलं नाही. १८३० नंतर पुन्हा उठाव झाला आणि १६ फेब्रुवारी १८३१ चा जाहीरनामा निघाला: इंग्रजांच्या नोकऱ्या सोडा, एक व्हा, खजिने लुटा, सारा देऊ नका. सरकारनं दहा हजार रुपये रोख आणि वर जमीन असं इनाम लावलं. माणसं फुटली. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी. पुढच्या वर्षी वृत्तांत छापून तयार.

माफी, नोकरी, इनाम, फूट, फाशी आणि शेवटी अहवाल. खानदेशात हीच हत्यारं वेगळ्या क्रमानं दिसतात. तिथे १८२५ मध्ये कंपनीचा अधिकारी औट्रम याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली आणि भिल्लांना भिल्लांवरच घातलं. म्हणून फलक ७ वर युद्धाचं चित्र न टाकता रामोशी आणि भिल्ल असा दोन रकान्यांचा तक्ता टाकला. मुलं तक्ता वाचत नाहीत हे खरं. पण शिक्षक वाचतात, आणि पुढच्या वर्षी वर्गात सांगतात.

लुटीचा प्रश्नही इथेच आला. वासुदेव बळवंत फडके यांच्याबरोबर रामोशी होते आणि २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातल्या धामारीत सावकारांची घरं लुटली गेली. मंडळाला ‘लुटली’ हा शब्द काढायचा होता. बाईंनी तो ठेवला आणि ‘सावकारांची’ हा शब्द ठळक केला. झालेली लूट लपवली की पकडणाऱ्याच्या कागदालाच जास्त बळ मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पटण्यासारखं आहे.

निर्णय पाचवा: फितुरीची नावं

उमाजींना धरून देण्यात त्यांच्याच गोटातल्या माणसांचा हात होता आणि त्यांची नावं छापील साहित्यात आहेत. त्या नावांतली आडनावं या गावातही आहेत. नातं असेलच असं नाही, पण चावडीवर आडनाव दिसलं की कुजबूज सुरू होणार. चर्चा तासभर चालली. शेवटी नावं काढली, इनामाचा आकडा आणि माफीचं आमिष ठेवलं. दहा हजार रुपये त्या काळी किती होते हे सांगायला कुणाकडे पक्की तुलना नव्हती, तेव्हा अंदाजाचं ‘आजचे अमुक लाख’ हे वाक्यही गाळलं.

निर्णय सहावा: हजेरीचा फलक

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. अख्ख्या जातीची नोंद, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथूनच आला. फलक १० यावर होता. मंडळाला त्यावर गावातल्या म्हाताऱ्यांचे फोटो आणि आठवणी हव्या होत्या. अण्णा पहिल्यांदाच ठाम नाही म्हणाले. सून दुसऱ्या गावची, नातीचं लग्न ठरतंय, भिंतीवर ‘ह्यांच्या घरची हजेरी होती’ असं नको. फलकावर कायद्याची कलमं आणि सालं तेवढी गेली. एकही चेहरा नाही.

छपाईत काय बिघडलं

फलक तीन फूट रुंद, चार फूट उंच, उभे. मजकूर एका फलकावर ११० शब्दांच्या आत. अक्षराची उंची एक सेंटिमीटर ठेवली, म्हणजे सहा फुटांवरून चष्म्याशिवायही वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट लागतं. डीटीपीवाल्यानं जागा वाचवायला ते कमी केलं आणि पहिल्या प्रुफात ‘नीरेच्या’ वरची वेलांटी-मात्रा वरच्या ओळीत घुसली.

मजकूर युनिकोडमध्ये दिला होता, दुकानातला जुना फॉन्ट वेगळा. रूपांतर करताना ‘ऱ्या’ तुटलं आणि ‘साताऱ्याच्या’चं ‘साता-याच्या’ झालं, तेही एकूण २३ ठिकाणी. हे नेहमीचं आहे, त्यामुळे प्रुफ आलं की आधी ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि आकडे एवढंच शोधायचं. आकड्यांकडे दुर्लक्ष झालं. फलक ५ वर ३ फेब्रुवारी बरोबर, पण साल १८२३ छापून आलं, म्हणजे पहिला जोर चढण्याआधीच फाशी. तो आणि फलक ८ पुन्हा छापावे लागले. चकचकीत फ्लेक्स सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली चमकत होतं, म्हणून दुसऱ्या वेळी मॅट घेतलं आणि पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवलं.

चावडीचा फलक उन्हात राहणार होता. फ्लेक्स माणदेशाच्या उन्हात दोन उन्हाळे जेमतेम काढतं. लालाचा गुलाबी होतो आणि शिवणीत फाटतं. म्हणून काळ्या दगडावर कोरलेली अक्षरं निवडली. दगडावर चूक दुरुस्त होत नाही. कोरण्याआधी खडूनं लिहिलेला मजकूर पाचही जणांनी वेगवेगळ्या वेळी मोठ्यानं वाचायचा, असा नियम केला. अण्णांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना नातीनं वाचून दाखवला.

निष्पत्ती

दोन दिवसांत आसपासच्या सहा शाळा आल्या. ९६ पैकी ७१ वाक्यं टिकली, आणि प्रत्येकीला तपासवहीत अक्षर होतं. वही प्रवेशाजवळ टेबलावर उघडी ठेवली होती. शेजारच्या गावच्या एका शिक्षकांनी तिचे फोटो काढून नेले.

पहिल्या दिवशी दुपारी मात्र तंटा झाला. फलकावरून काढलेलं फितुरीचं नाव माहिती सांगणाऱ्या नववीतल्या मुलानं तोंडी सांगितलं, तेही ‘हे छापलं नाही, पण मला माहितीये’ असं म्हणून. त्या आडनावाचे दोघं फाटकाशी येऊन उभे राहिले. हेडसरांनी त्यांना आत बोलावलं, फलक वाचायला लावला, चहा दिला. मिटलं. पण मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही.

चावडीचा दगड डिसेंबरमध्ये बसला. त्यावर उमाजींची जन्म आणि मृत्यूची तारीख, राखणीचा हक्क, माफी आणि इनामाची हकिकत, गेंडा माळाची तारीख आणि १९५२ चं साल आहे. सगळं मिळून चौदा ओळी. चित्तूरसिंग नाही, ‘आदिवासी’ नाही, आणि एकही विशेषण नाही. शेवटच्या मुद्द्यावर मंडळ अजून रागावलेलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

माहिती सांगणाऱ्या मुलांची तयारी फलकांइतकीच लागते. काय सांगायचं ते त्यांना शिकवलं होतं. काय गाळलं आणि का गाळलं, हे सांगितलं नव्हतं, आणि तंट्याचं मूळ तिथे होतं. मुलाला ते नाव ठाऊक होतं, कारण समितीच्या बैठकीत तो चहा द्यायला येत होता. पुढच्या वेळी प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी दोन तासिका यासाठीच ठेवाव्यात.

तपासवही मसुद्याच्या आधी सुरू व्हायला हवी होती. लिहून झालेल्या वाक्याला पुरावा शोधणं म्हणजे बैलाच्या पुढे गाडी जुंपणं. आधी कागद, मग वाक्य, असं केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते आणि मंडळाच्या मुलांशी वादही कमी झाले असते, कारण आवडलेलं वाक्य काढायला कुणालाच जड जातं.

मोडी कागदाला सेलोटेप लावायला नको होता. घडी फाटू नये म्हणून मंडळानं मागून लावला. तो पिवळा पडतो, डिंक शाईत उतरतो. आता तो काढायचा प्रयत्न घरी करू नये. कागद सुती कापडात सपाट ठेवला आहे आणि ६०० डीपीआयला स्कॅन करून दोन ठिकाणी जपला आहे. कागद पाटलांच्या घरी परत गेला. तो शाळेनं मागून ठेवायला नको होता आणि ठेवला नाही.

हजेरीचा फलक सर्वांत कोरडा झाला. घरांनी दिलेला नकार पाळला ते योग्यच होतं. पण विचारलं फक्त अण्णांना. रामोशवाड्यात बायका आहेत, ज्यांच्या सासवांनी नवरा हजेरीला गेला असताना रात्री घर सांभाळलं. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांचंही उत्तर नाही असतं, तरी ते त्यांच्याकडून यायला हवं होतं. नाव आणि चेहरा न देता आठवण लिहून ठेवता येते, आणि ती भिंतीवर लावलीच पाहिजे असंही नाही.

या वर्षी फलक १० नव्यानं छापायचा आहे. मजकूर छापखान्यात जाण्याआधी मारुतीच्या पारावर, रामोशवाड्यातल्या बायका रिकाम्या असतात त्या वेळी, म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला मोठ्यानं वाचून दाखवायचा असं ठरलं आहे. वाचणार अण्णांची नात आहे.